जिचं पोट तिच्या कानात

साक्री,
२ नोव्हेंबर १९९५

कोके,

हुस्नबानो म्हणते, पत्राच्या डोक्यावर 'अनेक उत्तम आशीर्वाद' लिहायची रीत आहे. अनेक कशाला? एकच देते, पुरवून वापर.

आता माझी पत्रं हीच लिहिणार, आपल्या शेजारच्या कादर शिंप्याची बायको. आधी मास्तर लिहायचे, पण बाळंतपणाचा विषय निघाला की ते चष्मा पुसत बसतात. मी बोलते अहिराणीत, ही लिहिते शाळेतल्या मराठीत. माझ्या शिव्या मात्र मधल्या मधे खाऊन टाकते. (सगळ्या नाही. – हु.)

तुझं पत्र हिने वाचून दाखवलं. तुला दिवस गेले हे वाचल्यावर मी पुढचं वाचू दिलं नाही, आधी गूळ खाल्ला. मग ग्रहणाचं ऐकलं. दिवाळीतच सूर्याला ग्रहण लागलं आणि तुझ्या सासूने कोंडलं तुला! खिडक्यांना घोंगड्या, तोंडात पाण्याचा थेंब नाही. सूर्य बिचारा सकाळीच मोकळा झाला आणि तू दुपारपर्यंत आत! त्याच्यापेक्षा तुलाच मोठं ग्रहण लागलं म्हणायचं.

आणि आत बसून कंटाळलीस, म्हणून पितांबररावांच्या सदऱ्याला गुंडी लावलीस. कात्री हाती धरायची नाही, म्हणून दोरा दाताने तोडलास. आता मला विचारतेस, आजी, बाळाला काही होईल का?

होईल ना. पोर उघडं जन्माला येईल. सगळीच येतात.

भाकरी वेळेवर खा. व्याही आबा बन्सीलालांना आणि विहीणबाई सुगंधाबाईंना माझा रामराम सांग. तो मात्र मोजून सांग, जास्त नको.

तानुबाई

~

जळगाव,
१९ नोव्हेंबर १९९५

ती. आजीस नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. ते मी उघडायच्या आत आबांच्या हाती पडलं. आमच्याकडे संध्याकाळी चहा झाला की आबा घरातलं टपाल मोठ्याने वाचतात, तशी पद्धतच आहे. हे हसले, आबाही थोडे हसले. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांना दोऱ्याचं माहीत नव्हतं. त्या उठल्या, सुईदोऱ्याचा डबा घेतला आणि कपाटात ठेवून किल्ली कमरेला लावली.

दुसऱ्या दिवशी शेजारणी आल्या तेव्हा त्यांनाही दोऱ्याचं माहीत होतं.

तुझ्यावर मी रागावले नाही. एवढंच कर, यापुढे आंतर्देशीय पत्र पाठव आणि चिकटवून पाठव. पोस्टमन नाना दुपारी येतात. हे तेव्हा कारखान्यात पाइपांच्या पाळीवर असतात, आबा दालमिलमध्ये असतात आणि सासूबाई झोपलेल्या असतात. दार मीच उघडते. कार्ड मात्र पाठवू नकोस. कार्ड नाना वाचतात, किराणावाला वाचतो, शेजारीण वाचते आणि मग आबा वाचतात.

माझी तब्येत चांगली आहे. उलट्या आता कमी आहेत.

तुझी आज्ञाधारक नात,
कोकिळा

~

साक्री,
१० डिसेंबर १९९५

कोके,

डबा कपाटात? मग घरातल्या फाटक्या उशा आता विहीणबाई डिंकाने चिकटवणार का? (इथली शिवी मी लिहिली नाही. – हु.)

माझं चुकलं, तुझी गंमत मी भर दरबारात पाठवली. पण एक सांग, तुझं टपाल तुझ्या आधी दुसऱ्याने फोडायचं, याला पद्धत कोण म्हणतं? तू दहावी शिकलीस ती कशाला? मला अक्षर येत नाही म्हणून माझं पत्र दुसरा वाचतो. तुला काय झालं?

असो. मी कुंची शिवायला दिली आहे. माझं मऊ झालेलं लुगडं होतं ना, डाळिंबी, त्याची. बाळ यायच्या आधी त्याचं काही शिवू नये म्हणतात. हुस्नबानोपण हेच म्हणाली, तिच्या सासरीही असंच म्हणतात म्हणे. मी म्हटलं, दोन्हीकडच्या म्हाताऱ्या एवढ्या एका गोष्टीवर एक झाल्या, तर मला मुद्दाम शिवायचीच आहे. डोक्यावर घ्यायला टोक ठेवलं आहे, पाठ झाकेल अशी लांब केली आहे. काठाला हुस्नबानोने स्वतःच्या जांभळ्या ओढणीची पट्टी लावली.

तुझी आई असती तर तिने शिवली असती. ती नाही म्हणून तिच्या सासूने शिवली. बघ, सासवा असंही करतात. हे तुझ्या घरी चहाच्या वेळी वाचायला हरकत नाही.

तानुबाई

~

जळगाव,
६ जानेवारी १९९६

ती. आजीस नमस्कार.

काल मला सोनोग्राफीला नेलं होतं. पोटावर थंडगार चिकट काही तरी लावतात आणि वरून एक यंत्र फिरवतात. मग टीव्हीवर पोटातलं दिसतं. सुरुवातीला पडदा माझ्या बाजूला होता, मला एक हात हललेला दिसला. खरंच दिसला, आजी. मग डॉक्टरांनी पडदा स्वतःकडे वळवला आणि बराच वेळ ते एकाच जागी यंत्र दाबत राहिले. मी म्हणाले, दुखतंय. ते म्हणाले, झालंच.

नंतर ह्यांना आणि आबांना आत बोलावलं. मी बाहेर बाकावर बसले. सगळं ठीक आहे म्हणाले. फक्त पिशवीचं तोंड जरा सैल आहे, म्हणून टाके घालायचे आहेत, संक्रांत झाल्यावर. एका दिवसाचं काम आहे.

घरी येताना आबांनी स्वतः रिक्षा केली. सासूबाईंनी न मागता दूध दिलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे माझ्याशी फार चांगले वागत आहेत. हे तर रात्रीचं जेवलेसुद्धा नाहीत, पोट भरलंय म्हणाले.

टाके घालताना दुखतं का ग? तुला कोणाचे माहीत आहेत का?

कोकिळा

~

जळगाव,
८ जानेवारी १९९६

ती. आजींना पितांबरचा नमस्कार.

हे पत्र मी कारखान्यातून लिहितो आहे. घरी कोणाला माहीत नाही. वाचून झालं की फाडून टाका.

डॉक्टर म्हणाले, बाळाच्या डोक्याची कवटी झालेली दिसत नाही. बाकी अंग वाढतं आहे, पण असं बाळ जगत नाही. काही पोटातच जातात, काही जन्मल्यावर तासाभरात. पाचवा महिना सरायच्या आत मोकळं करावं, नंतर कायद्याने करता येत नाही. आबांनी विचारलं, सुनेला सांगायचं का? डॉक्टर म्हणाले, धसका घेईल, तुम्ही ठरवा. आबांनी ठरवलं. तिला टाक्यांचं सांगायचं आणि झाल्यावर म्हणायचं की आपोआप पडलं.

मला हे बरोबर वाटत नाही, पण चूक म्हणायला तोंड उघडत नाही. आई म्हणते, ग्रहणात दोरा तोडला तेव्हाच हे झालं. मी म्हणालो, गुंडी माझ्याच सदऱ्याची होती. त्यावर ती म्हणाली, म्हणून तर तुझ्या लेकराला भोवलं.

कोकिळा तुमच्या शब्दाबाहेर नाही. तुम्ही चार दिवस येऊन राहा. असे टाके घरोघर घालतात, एवढंच तिला सांगा. तुमच्या तोंडून ऐकलं की ती घाबरणार नाही. तिच्यासाठीच म्हणतो आहे.

आपला,
पितांबर

~

(पोस्टकार्ड)
साक्री, ११ जानेवारी १९९६

जावईबापू पितांबरराव,

तुमचं पत्र फाडलं. उत्तर कार्डावर देते आहे. हुस्नबानो नको नको म्हणते आहे, मी ऐकत नाही.

जळगावचे डॉक्टर तपासतात कोणाला आणि बोलतात कोणाशी? पोट कोकीचं, आणि कानात सांगायचं आबांच्या! आबांना कितवा महिना आहे? जे सांगितलं ते जिचं पोट तिच्या कानात सांगा. टाक्यांचं खोटं बोलायला मी येणार नाही. तुम्ही तिच्या नकळत तिला टेबलावर झोपवणार आणि वर तिचा हात धरायला मला बोलावता? तुमच्या जिभेला (ही शिवी पूर्ण लिहायला लावली होती, कार्डावर जागा नाही. – हु.)

कोके, पत्ता नवऱ्याचा आहे, पण दुपारी दार तूच उघडतेस. त्यांना विचार. आणि तुझ्या तोंडावर उत्तर मिळेपर्यंत त्या टेबलावर चढू नकोस. मला हाक मार, मी येते.

तानुबाई

~

जळगाव,
१५ जानेवारी १९९६

आजी,

कार्ड मिळालं. नाना पोस्टमनने हातात दिलं आणि म्हणाले, ताई, बसून वाच. म्हणजे त्यांनी वाचलं होतं. किराणावाल्याने वाचलं होतं. काल संक्रांतीचं वाण घ्यायला आलेल्या बाया माझ्या पोटाकडे बघत तिळगूळ देत होत्या.

हे पाळीवरून आले तेव्हा मी कार्ड त्यांच्या ताटात ठेवलं. जेवण नाही, कार्ड. त्यांनी वाचलं आणि ते रडले. मग त्यांनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना घेऊन मी डॉक्टरांकडे गेले. आबा मागून येत होते, मी म्हटलं, तुम्ही बाकावर बसा. मी आबांना असं बोलले, आजी. आणि ते बसले. डॉक्टरांना म्हटलं, पडदा माझ्याकडे वळवा आणि बोट ठेवून दाखवा. ते म्हणाले, बाई, तुम्हाला काय समजणार! मी म्हटलं, तुम्ही समजावा. त्यांनी बोट ठेवलं. डोळ्यांच्या वर जिथे गोल दिसायला हवा तिथे काहीच नव्हतं. कवटी बंदच झाली नाही म्हणाले. उघडी आहे.

उघडी. तू काय लिहिलं होतंस, आठवतं? पोर उघडं जन्माला येईल. ते वाक्य मी त्या दिवसापासून रात्रंदिवस ऐकते आहे.

मला तुझा राग आला आहे. त्यांच्यापेक्षा जास्त. ते माझ्याशी खोटं बोलले. तू खरं बोललीस, पण गल्लीभर. मला कळायच्या आधी किराणावाल्याला कळलं. दोऱ्याचं पत्र तुझं, आणि हे कार्डही तुझंच. दोन्ही वेळा मी घरात बसले होते आणि लोक माझं वाचत होते.

आता खरं सांग. गंमत नको. दात माझेच होते ना?

मी इथे काही करून घेणार नाही. आधी धुळ्याला आणखी एका डॉक्टरने नीट बघावं आणि माझ्याशी बोलावं. मग मी ठरवीन. हे बरोबर येतो म्हणतात. तू आलीस तर ये.

कोकिळा

~

साक्री,
१८ जानेवारी १९९६

कोके,

हे आंतर्देशीय आहे. हुस्नबानोने चिकटवलं, वरून आणखी खळ लावली.

तुझं पत्र मी दोनदा वाचायला लावलं. दुसऱ्यांदा ती वाचेना, रडायला लागली. मी म्हटलं, वाच, माले बठ्ठं ऐकनं शे. सगळं ऐकायचंय मला.

राग धर माझ्यावर. सोडू नकोस एवढ्यात. माझ्या जिभेला वाटतं की आपण गंमत केली की समोरच्याचं भय जातं. गेलं नाही, तुझ्या उशाशी जाऊन बसलं. आणि कार्डाचं म्हणशील तर मला दुसरी वाट दिसली नाही. बंद पत्र चुकून आबांच्या हाती पडलं असतं तर त्यांनी ते दडपलं असतं, आणि मी यायच्या आत तुला नेलं असतं. गल्लीने वाचलेलं कार्ड दडपता येत नाही. तरी गल्लीने तुझ्या आधी वाचलं, ते वाचलंच. ते मी पुसू शकत नाही.

आता दातांचं. माझ्या आयुष्यात किती ग्रहणं आली मला माहीत नाही, कारण मी एकदाही वर बघितलं नाही, कामच एवढं. शेतमजुरीवर कोण कोंडून घेतं? तुझा बाप पोटात होता तेव्हा ग्रहणात मी विळ्याने चारा कापला. तुझा बाप जन्मला तो सगळ्या अवयवांनिशी, आणि जीभ तर जरा जास्तच घेऊन आला. दाताने दोरा तुटतो, पोरी. हाड तुटत नाही. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. हे मी रागाने सांगते आहे.

सोमवारी धुळ्याच्या स्टँडवर मी आणि हुस्नबानो उभ्या असू. साक्रीहून पहिली गाडी. सरकारी दवाखान्यात बाई डॉक्टर आहे, कादरच्या बहिणीचं अडलेलं बाळंतपण तिनेच सोडवलं. तिला सांगू, आमच्याशी नाही, हिच्याशी बोल.

तू ठेवीन म्हणालीस तर ठेवू. नको म्हणालीस तर नको. मी काय केलं असतं ते मला विचारू नकोस. तुला कोणी काही सुचवायला आलं तर त्याला माझ्याकडे पाठव.

कुंची आणू का? आणू नको म्हणालीस तर आणणार नाही. पत्र यायला वेळ नाही, म्हणून पिशवीत ठेवीन. मागितलीस तरच काढीन.

तानुबाई

~

जळगाव,
९ फेब्रुवारी १९९६

आजी,

तुझ्याकडून परत येऊन चार दिवस झाले. साक्रीला मी एक शब्दही बोलले नाही आणि तू विचारलं नाहीस. तू दवाखान्यात दाराबाहेर, आमच्या मागोमाग आलेल्या आबांना अडवून बसली होतीस, म्हणून आत काय झालं ते तुला माहीत नाही. आता लिहिते.

बाई डॉक्टरांनी पुन्हा बघितलं, सगळं खरं होतं. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या समोर घेतली आणि माझ्याशी बोलल्या. ह्यांना म्हणाल्या, तुम्ही ऐका, पण मधे बोलू नका. दिवस भरू द्यायचे असतील तर ते कसं होईल आणि आता मोकळं करायचं तर कसं, दोन्ही सांगितलं. मी त्यांना दोऱ्याचं विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ग्रहणाच्या सुमारास ती जागा आपोआप बंद व्हायला हवी होती, ती झाली नाही. का झाली नाही ते प्रत्येक वेळी सांगता येत नाही. पण एक जीवनसत्त्वाची गोळी असते, फॉलिक अॅसिडची. दिवस राहायच्या आधीपासून घेतली तर असं होण्याची भीती पुष्कळ कमी होते. पुढच्या वेळी माझ्याकडे आधी या, तुम्हाला किती घ्यायची ते मी सांगेन.

आधीपासून. आजी, मला हळदीच्या दिवसापासून किती जणींनी काय काय सांगितलं! पपई, तिन्हीसांजा, ग्रहण, मांजर. ही गोळी कोणीच सांगितली नाही.

मग मी ठरवलं. मीच ठरवलं. हे कोणी विचारलं तर असंच सांग.

झाल्यावर मी म्हणाले, मला बघायचं आहे. नर्स म्हणाली, नको ताई, स्वप्नात येईल. मी म्हणाले, नाही बघितलं तर रोज येईल. बाहेर आजीच्या पिशवीत कुंची आहे, ती आणा. तू ती दारातून दिलीस तेव्हा तुझा हात तेवढा मला दिसला.

नर्सने आधी कुंची घातली, मग माझ्याकडे आणलं. डोक्यावरचं टोक पुढे ओढून घेतलं होतं. उरलेलं सगळं अंगही कुंचीतच मावलं. मुलगी होती. कपाळ मी बघितलं नाही. हनुवटी बघितली. तुझी होती, आजी. तश्शीच, पुढे आलेली, भांडायला निघाल्यासारखी. तिला कुंचीतच नेलं. परत आणू नका म्हणाले.

इथे सासूबाई येणाऱ्या प्रत्येकीला दोऱ्याचं सांगतात. काल म्हणाल्या, पुढच्या ग्रहणात मी हिचे हात बांधून ठेवीन. हे घरात होते. म्हणाले, आई, पुरे. एवढंच म्हणाले, पण मोठ्याने म्हणाले. मी उठले, सासूबाईंच्या कमरेची किल्ली मागितली. त्या देईनात. मी हात पुढे करून उभी राहिले, देईपर्यंत. डबा काढला आणि ओट्यावर बसून उशा शिवल्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर दोरा दाताने तोडला. कात्री डब्यातच होती.

माझा तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही. पण थोडा कमी झाला, म्हणून लिहिते. एक कार्ड पाठव. सासूबाईंच्या नावे. ह्या वेळी मी सांगते आहे.

तुझी कोकिळा

~

(पोस्टकार्ड)
साक्री, १३ फेब्रुवारी १९९६

विहीणबाई सुगंधाबाई,

खिडकीला घोंगडी कशी टांगायची, सुनेला तहानलेली कशी ठेवायची, सगळं तुम्हाला येत होतं. गोळीचं माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, आणि हे मला जास्त लागलं. आपण दोघी एवढ्या म्हाताऱ्या झालो, गावभर सल्ले दिले, आणि जे सांगायचं तेवढंच सांगितलं नाही.

पुढच्या ग्रहणात कोकीचे हात बांधणार म्हणता. आधी माझे बांधा. मी आदल्या दिवशीच येते आणि विळी घेऊन तुमच्या ओट्यावर भाजी चिरत बसते. गल्लीला बोलवा.

हे कार्ड कोकीला विचारून उघडं पाठवलं आहे. नाना पोस्टमन, किराणावाले, शेजारीणबाई, वाचलंत ना? मग नुसतं वाचू नका. घरात नवी सून असेल तर दिवस राहायच्या आधी तिला डॉक्टरकडे न्या आणि फॉलिक अॅसिडची गोळी विचारा. आणि डॉक्टर जे सांगेल ते तिला सांगू दे. तुम्ही बाकावर बसा.

तानुबाई

(ता. क. आजींनी आज एकही शिवी दिली नाही. मीही एका ग्रहणात दिवसभर कोंडलेली होते, माझा फारुख पोटात असताना, आणि पाण्यासाठी दार वाजवत होते. म्हणून ही एक माझी, पूर्ण लिहिते: माती पडो असल्या कड्यांवर, आणि बाहेरून त्या लावणाऱ्या हातांवर. – हुस्नबानो)